उजव्या हातात बांगडी नव्हती

बाळांनो, आफ्रिकेहून तुम्हा दोघांचे पत्र परवा मिळाले. धाकटी लिहिते की तिकडचे आंबे दिसायला मोठे पण चवीला पाणचट. थोरला लिहितो की त्याला पोलीस खात्यात घेतले, ठाण्यात टेबलाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फिर्यादी लिहून घ्यायचे काम दिले, आणि साहेब त्याच्या लिहिण्यावर खूश आहे. पुढे त्याने लिहिले आहे: "लोक मागचे पुढे, पुढचे मागे बोलतात. मी ते सगळे नीट क्रमाने लावून घेतो. हा नीटनेटकेपणा तुझ्याकडून आला, आजी."

हे वाचल्यापासून मला चैन नाही. काल मी फडताळ दोनदा आवरले. आधीच आवरलेले होते. चहा निवून गेला, तो तसाच ओतून दिला. आज सकाळी उठून हे लिहायला बसले आहे, कारण बोटीचे टपाल जायला दोन दिवस आहेत, आणि बाळा, तुझ्या टेबलासमोर अशी बाई कधी येऊन उभी राहील ते सांगता येत नाही. कदाचित आलीही असेल. जे लिहिते आहे ते तुमच्या आईलासुद्धा मी सांगितलेले नाही.

तेव्हा मुंबईत प्लेग यायचा होता. लग्न होऊन मला चार वर्षे झाली होती आणि आम्ही परळला राहत होतो. तुमचे आजोबा गिरणीच्या कचेरीत कारकून. माझे माहेर गिरगावचे. वडिलांनी मला मिशनच्या शाळेत सहा यत्ता इंग्रजी शिकवले होते, आणि परळात त्या वेळी इंग्रजी पत्र लिहिणारी सून दुसरी कुठे असल्याचे मला तरी ठाऊक नव्हते. हे मी विसरत नसे, आणि दुसऱ्यांनाही फारसे विसरू देत नसे.

आमच्याकडे मासळी शिवडीहून येई. एक कोळीण रोज गिरणीचा नवाचा भोंगा होण्याच्या सुमारास मागच्या दारी पाटी उतरवी. माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी, अंगाने काटक, जिभेने तिखट. मी बांगड्यांचे कल्ले उघडून पाहू लागले की ती म्हणे, "बाय, तू म्हावरं घेतंस का त्याची परीक्षा घेतंस?" सासूबाईंना हे फार आवडे. माझ्या शिक्षणाची थट्टा करायची त्यांना सोय नव्हती, ते काम कोळीण परस्पर करी.

एके दिवशी ती आली नाही. सासूबाई दोनदा मागच्या दारी डोकावून आल्या. दुपारी बाराच्या पुढे मी मागचे दार उघडले तर ती पायरीवर बसलेली. पाटी नव्हती. लुगडे खांद्यापाशी फाटलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. मी विचारले, काय झाले? ती म्हणाली, "माजी बांगडी फुटली." तेवढेच. परत विचारले तरी तेच.

मला काही कळले नाही. सासूबाईंना पाहताक्षणी कळले. त्या तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या. सासूबाई कोळणीच्या शेजारी बसलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. त्यांनी हळूच विचारले, "कोण गं?" ती म्हणाली, लाकडाच्या वखारीचा मुकादम. शिवडीहून येणारी वाट त्या वखारींच्या मधून होती, आणि कोळणी नेहमी जोडीने येत. त्या दिवशी तिची जोडीण तापाने पडली होती.

मी लगेच बंबाकडे धावले. माझ्या डोक्यात पहिले हेच आले की ऊन पाणी काढावे, तिला न्हाऊ घालावे, माझे एक धुतलेले लुगडे द्यावे. मी पाणी घेऊन आले तर तिने हात आडवा केला. "नाय धुवाचं," ती म्हणाली. "जमातीला दाखवाचं हाय."

हे समजून घ्या, कारण पुढचे सगळे यावर उभे आहे. तिचा नवरा होडीवर होता, परतायला पाचसहा दिवस होते. कोळीवाड्यात असल्या गोष्टीचा निवाडा जमात करते, पाटील आणि चार म्हातारे. बाई आपणहून गेली असे त्यांना वाटले तर तिला घर बंद. जबरदस्ती झाली असे पटले तर तिच्यावर ठपका नाही, नवऱ्याने तिला नांदवायची. तिची मुले दोन होती. बातमी तर तिच्या आधी शिवडीला पोचणारच होती, कारण मुकादम गप्प बसणारा माणूस नव्हता. सरकारी कागदावर जबरदस्ती लिहिली गेली तर जमातीपुढे कोणी तोंड उघडणार नाही, एवढे तिला माहीत होते. तिला कागद हवा होता. म्हणून ती शिवडीला न परतता आमच्या दारी आली होती. तिच्या ओळखीत कागद माझ्या एकटीच्याच घरी होते.

तुमचे आजोबा जेवायला आले होते. आपल्या घरातल्या बाईने चौकीवर पाऊल टाकायचे म्हटल्यावर त्यांचा घास थांबला. ते म्हणाले की मी कचेरीतून सुटल्यावर पाहतो. सासूबाई म्हणाल्या, "तुझी कचेरी सुटेपर्यंत ती अशीच बसेल का? मी जाते बरोबर." आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन त्या निघाल्या. मी त्यांच्या मागून.

चौकी म्हणजे एक खोली आणि पुढे पडवी. पडवीत तीन शिपाई बसले होते. आम्ही कशासाठी आलो ते त्यांनी कोळणीच्या लुगड्यावरूनच ओळखले असावे. एक जण दुसऱ्याला म्हणाला की कोळणीला हात लावायचा तर आधी नाकाला फडके बांधावे लागेल. दुसरा हसला. आतून एक म्हातारा हवालदार बाहेर आला. साताऱ्याकडचा असावा, मिशा पांढऱ्या, गालात तंबाखू. त्याने हसणाऱ्याला काही म्हटले नाही. दोघांच्या हातांत दोन घागरी दिल्या आणि सांगितले की लालबागच्या नळावरून पाणी आणा. चौकीच्या मागेच विहीर होती.

त्याने कोळणीला आत नेले, दाराकडे तोंड करून बसवले, म्हणजे वाट तिला दिसावी. स्वतः तिच्या आणि दाराच्या मध्ये बसला नाही, बाजूला भिंतीपाशी बसला. हातातला दंडुका कोपऱ्यात ठेवला. पहिला प्रश्न विचारला तो नाव नाही, गाव नाही. "लागलंय का कुठं? रक्त जातंय का? आधी डाक्टराकडं जायचं का आधी बोलायचं?" ती म्हणाली, बोलायचं. त्याने सासूबाईंना तिच्या शेजारी बसायला सांगितले. मला म्हणाला, तुम्ही बसा पण मध्ये बोलू नका.

मला ते लागले.

मग त्याने बोरू घेतला आणि ती बोलत गेली तसे तो मोडीत लिहीत गेला. पुन्हा सुरुवात बांगडीपासूनच. बांगडी फुटली. मग होडीचे काहीतरी. मग वखारीतल्या ओल्या सागाचा वास. मग एकदम जोडीणीचा ताप. मग मुकादमाची अंगठी, तिच्यातला लाल खडा. पाटी कुठे पडली ते तिला आठवेना. परत बांगडी. कधी ती बराच वेळ गप्प बसे, तेव्हा हवालदारही गप्प. तो बोरू खाली ठेवी, पण कागद तिच्यासमोरून हलवीत नसे. तू त्या वाटेने एकटी का गेलीस, हे त्याने विचारले नाही. ओरडलीस का नाहीस, हेही नाही. ती "मना ठाव नाय" म्हणाली की तो तेच लिही. मी वाकून पाहिले. एका कागदावर ते तीन शब्द मोडीत सहा ठिकाणी होते.

शेवटी त्याने तिला सगळे वाचून दाखवले आणि विचारले, यात माझ्या पदरचं काही आलंय का? तिने मान हलवली. मग निशाणीसाठी बोरू तिच्या हाती दिला. तिने कागदावर बांगडी काढली, एक गोल. त्याच वेळी त्याने एका शिपायाला वखारीत पाठवले की काचेचे तुकडे पडले असतील ते वेचून आण, एकही दुसरीकडे टाकू नकोस. शिपाई हिरव्या काचेचे तुकडे घेऊन आला. ते हवालदाराने कागदात बांधून वर लाख लावली.

आता माझी पाळी आली.

चौकीचा साहेब गोरा होता, तो संध्याकाळी यायचा. मोडी त्याला येत नसे. हवालदार म्हणाला की कचेरीतला भाषांतर करणारा उद्या येईल, तो जसेच्या तसे उतरवील. मी म्हटले, उद्या कशाला, मी आहे. तो कागद पाहून माझा जीव मघापासून वर-खाली होत होता. सुरुवातीचे शेवटी, शेवटचे मध्ये, एक गोष्ट चारदा, महत्त्वाची गोष्ट एकदाही नाही. साहेबाने हे वाचले तर बाई खुळी आहे म्हणेल, असे मला वाटले. खरेच वाटले. पण त्याबरोबर हेही खरे की सहा यत्ता शिकून आपण अजून कोणाच्या उपयोगी पडलो नव्हतो.

हवालदार म्हणाला, "बाईसाहेब, ती बोलली तसंच ऱ्हाऊ द्या. मी मागं एकदा असंच नीट करायला गेलो आणि वाटोळं झालं." कोणाचे, ते त्याने सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

मी टेबलाशी बसून लिहू लागले. पहिल्यांदा घरून निघाली, मग वाट, मग वखार, मग तो. जिथे जागा रिकामी होती तिथे मी तिला विचारले. त्याने हात कसे धरले? ती म्हणाली, मना ठाव नाय. मी म्हटले, आठवून सांग, दोन्ही धरले असतील ना? ती थकली होती. म्हणाली, धरलं असतील. बांगडीचे इतके काय, ते मला कळेना. मी ते पहिल्या ओळीतून उचलून शेवटी टाकले आणि एका स्वच्छ वाक्यात लिहिले की झटापटीत तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या फुटल्या. तिला वाचता येत नव्हते, आणि मी तिला वाचून दाखवलेही नाही, कारण ते इंग्रजीत होते. खाली तिला फुली मारायला सांगितली. तिने मारली.

संध्याकाळी साहेब आला. कागद वाचून म्हणाला, इतकी सुरेख जबानी या चौकीत मी आजवर पाहिली नाही. मी घरी परतले ती जवळजवळ पळतच. सासूबाई मागून सावकाश आल्या.

मुकादमाला धरले. खटला उभा राहायला तीन आठवडे लागले. तोवर नवरा होडीवरून आला होता. जमातीने निवाडा थांबवून ठेवला होता, सरकार काय म्हणते ते पाहू म्हणून. कोळीण तोवर आईच्या घरी, मुले नवऱ्याच्या.

कोर्टात मी मागच्या बाकावर तुमच्या आजोबांजवळ बसले होते. मुकादमाच्या वकिलाने माझा कागद हातात घेतला. ती जबानी देत होती तेव्हा पुन्हा तेच: मागचे पुढे, मना ठाव नाय, बांगडी. वकिलाने फार त्रास दिला नाही. अगदी सौम्यपणे म्हणाला, बाई, दोन्ही हात वर करून न्यायाधीशसाहेबांना दाखव. तिने केले. डाव्या हातात नव्या हिरव्या बांगड्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत मोकळा.

वकिलाने विचारले, उजव्या हातात बांगड्या केव्हापासून नाहीत? ती म्हणाली, लग्नापासून. मग त्याने कोर्टाला समजावून सांगितले, जणू सगळ्या मुंबईला ते ठाऊक होते आणि मला एकटीलाच नव्हते. कोळ्यांच्या लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला देतात, म्हणजे दर्याने नवऱ्याला सांभाळावे. उजव्या हातात ती पुन्हा कधी काच घालत नाही. मग ज्या बांगड्या नव्हत्याच त्या फुटल्या कशा? आणि एवढे खोटे लिहून देणारी बाई बाकीचे खरे कशावरून सांगते?

चार वर्षे रोज मी त्या हातातून मासळी घेतली होती. तो हात मी कधी पाहिलाच नव्हता. बायकांच्या दोन्ही हातांत बांगड्या असतात हे मला माहीत होते, म्हणून मी तसे लिहिले.

आणि तेव्हा, त्या बाकावर बसल्या बसल्या, मला कळले की ती पहिल्यापासून बांगडी बांगडी का करत होती. नवरा दर्यावर असताना डाव्या हातातली फुटली होती. तिला आधी त्याच्या जिवाची भीती वाटली होती, मग स्वतःची. तिच्या गोष्टीची सुरुवात तीच होती. ती मी कापून शेवटी ठेवली.

उठून सांगावे असे मला वाटले. मी अर्धी उठलेही. तुमच्या आजोबांनी माझे मनगट धरले, आणि मी बसले. हे मी त्यांच्यावर ढकलत नाही. सोडवून घेता आले असते. मोडी कागद कोर्टापुढे आलाच नव्हता, सुरेख इंग्रजी असताना तो कशाला हवा? मुकादम सुटला.

दुसऱ्या दिवशी हवालदार आमच्या दारी आला. पायरीवर उभा राहूनच त्याने एक घडी केलेला कागद आणि लाखेची पुडी माझ्या हातात दिली. साहेबाने दोन्ही टाकून द्यायला सांगितले होते. तो म्हणाला, "रविवारी त्यांची जमात बसतीय. मी वर्दीत गेलो तर म्हणतील सरकार दमदाटी करतंय. तुम्ही जा." मी विचारले, मी जाऊन काय सांगू? तो म्हणाला, "सांगू काही नका. वाचा."

ते पाच दिवस मी घरात येरझारा घातल्या. मोडी मला अडखळतच येई. वडिलांनी शिकवली होती, शाळेत तिची सवय मोडली होती. मी तो कागद रोज वाची आणि रोज हात शिवशिवत की याची निदान बालबोधीत एक स्वच्छ नक्कल उतरून घ्यावी. सासूबाईंनी दौत उचलून आपल्या खोलीत ठेवली.

रविवारी सासूबाई आणि मी बैलगाडीने शिवडीला गेलो. सुकत घातलेल्या मासळीच्या मांडवाखाली माणसे बसली होती. पाटलांनी मला बसायला घोंगडी दिली. एका म्हाताऱ्याने विचारले की ही कोण, सरकारची का मुकादमाची? लोक हसले. कोळीण बायकांत बसली होती, माझ्याकडे पाहत नव्हती. नवरा समोर, मान खाली.

मी वाचायला लागले. अडखळत, एकेक शब्द जुळवत, त्यामुळे काही गाळता आले नाही की सावरता आले नाही. माजी बांगडी फुटली. होडी. सागाचा वास. मना ठाव नाय. सुरुवातीला लोक हसू दाबत होते, माझ्या वाचण्याला. मग हसणे थांबले. बांगडीचे तिसऱ्यांदा आले तेव्हा मागे बसलेली एक म्हातारी, नवऱ्याची आई होती असे नंतर कळले, रडायला लागली. कागद संपल्यावर मी पुडीची लाख फोडली आणि काचा घोंगडीवर ठेवल्या. आणि म्हटले की कोर्टात जे खोटे ठरले ते मी लिहिले होते, हिने सांगितले नव्हते. हे मात्र मला कोणी सांगायला सांगितले नव्हते.

पाटलांनी नवऱ्याला विचारले, त्या दिवशी तुझी होडी कुठे होती? त्याने कुठलीशी खाडी सांगितली आणि म्हणाला की त्याच सकाळी डोलकाठी मोडली होती. पाटलांनी घोंगडीवरचा एक तुकडा उचलून पाहिला आणि परत ठेवला. मग पाटील म्हणाले की बाई घरी जाईल. बाकी काही म्हटले नाही. नवरा उठला, बायकांच्या बाजूला गेला आणि तिच्यापासून दोन हात अंतरावर उभा राहिला, ती उठेपर्यंत.

निघताना ती गाडीपाशी आली. मी काही बोलण्याआधीच म्हणाली, "उजवा हात मी दर्याला दिलाय, बाय. तुना तो मुकादमाला द्यावाची घाई कशाला झाली?"

गाडी सुटेपर्यंत मी तिच्या उजव्या हाताकडे पाहत होते.

ती परळला परत कधी आली नाही. वाट वखारींमधूनच होती आणि मुकादम तिथेच होता. ती शिवडीच्या बंदरावरच मासळी विकू लागली. आमच्याकडे दुसरी कोळीण येऊ लागली, फार मवाळ, माझी थट्टा न करणारी. सासूबाईंना तिची मासळी कधी पसंत पडली नाही.

बाळा, तुझ्या टेबलासमोर अशी बाई आली तर तिला नीट करू नकोस. तिने बांगडीपासून सुरुवात केली तर बांगडीपासून लिही. तिला आठवत नसेल ते आठवत नाही असेच लिही, रिकाम्या जागेत तुझ्या माहितीतले घालू नकोस. हसणाऱ्यांना पाण्याला धाड. तिचे कपडे, तिच्या वस्तू, जशा आहेत तशा राहू दे. तिला ती कळत असलेल्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय तिची निशाणी घेऊ नकोस. तुझा साहेब नाराज होईल. होऊ दे. आणि धाकटे, तू हसू नकोस, तुझ्याही लिहिण्यात समासाची रेघ माझीच आहे.

हवालदार पुढे प्लेगच्या साथीत गेला असे ऐकले. चौकीची इमारत पाडली. माझा इंग्रजी कागद कुठे गेला मला माहीत नाही. मोडी कागद माझ्या फडताळात वरच्या कप्प्यात आहे, कडा झिजल्या आहेत पण अक्षर वाचता येते. खाली बोरूने काढलेला गोल आहे. त्याच्याबरोबर हिरव्या काचेचे तुकडे आहेत, तीन.